खाडी विश्रामगृहातील शिकारी कुत्र्यांच्या चार चित्रांबाबत

जबाब. दि. २१ एप्रिल १९८६, सोमवार. सुरू करण्याची वेळ दुपारी १२.१०.

नाव सुनंदा जानू तांबे, वय २३ वर्षे ४ महिने, धंदा नोकरी (कनिष्ठ आरेखक, किनारा रस्ते व इमारती उपविभाग, रत्नागिरी), शिक्षण आरेखक स्थापत्य, दोन वर्षांचा अभ्यासक्रम, प्रथम श्रेणी. मूळ राहणार तालुका लांजा. सध्या राहणार खोली नं. ३, चिमा शिवलकर यांची चाळ, मांडवी, रत्नागिरी.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात आले आहे आणि हवालदार श्री. बाबू शिगवण यांच्यासमोर उभी राहून, नंतर त्यांनी खुर्ची दिल्यावर बसून, सांगते की,

मी वरील कार्यालयात दोन वर्षे सात महिने नोकरीस आहे. माझे काम मोजमापावरून नकाशे काढणे, जुन्या नकाशांच्या नकला करणे आणि नकाशांची नोंदवही ठेवणे हे आहे. आमच्या कार्यालयाचे प्रमुख उपअभियंता श्री. आत्माराम शंकर खानविलकर हे आहेत. या प्रकरणातले फिर्यादी तेच. यापुढे मी त्यांना साहेब म्हणते, कारण कार्यालयात तसेच म्हणतात.

आमच्या ताब्यात जयगडच्या वाटेवर खाडीकाठी एक जुने विश्रामगृह आहे. त्याच्या जेवणाच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर ब्रिटिश काळापासून चार चित्रे आहेत. चारही शिकारी कुत्र्यांची आहेत. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली व नंतर हाताने रंगवलेली आहेत. खाली इंग्रजीत लंडनच्या छापणाऱ्याचे नाव व १८१९ साल आहे. प्रत्येक कागदाचे माप ५३ गुणिले ४१ सेंटिमीटर. पहिल्या चित्रात एक कुत्रा पुढचा उजवा पाय वर उचलून झुडपाकडे पाहत उभा आहे. दुसऱ्यात एकोणीस कुत्र्यांचा कळप व मागे दोन घोडेस्वार. तिसऱ्यात लांब कानांच्या कुत्र्याच्या तोंडात बदक आहे. चौथ्यात दोन बारीक कमरेचे कुत्रे सशाच्या मागे लागले आहेत. ससा पुढे आहे.

विश्रामगृहाचे चौकीदार लवू रावजी गोताड, वय ५७, हे तेथे एकतीस वर्षे आहेत. ते येत्या ३१ मे रोजी निवृत्त होणार आहेत. आजपासून चाळीस दिवस राहिले आहेत. शनिवारपासून त्यांना रोज सकाळी ठाण्यात बोलावून दिवसभर बाकावर बसवतात. मी हा जबाब देत असताना ते त्याच बाकावर बसलेले मला दिसत आहेत. हवालदारांनी येथे "अंदाजे पाच फुटांवर" असे लिहिले होते. अंतर साडेसात फूट आहे. दुरुस्ती करून बाजूला मी सही केली आहे.

दि. ३ जानेवारी १९८६, शुक्रवार, सकाळी ११.२० वाजता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते म्हणाले, "मिस तांबे, तुमचा हात फार स्वच्छ आहे. कुत्री काढता येतील?"

मी म्हटले, "पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

ते म्हणाले, "विश्रामगृहातली चार. हुबेहूब पाहिजेत. नकला भिंतीवर लावायच्या. मूळ चित्रं खाऱ्या हवेनं खराब होतायत, ती सुरक्षित ठिकाणी हलवायची."

सुरक्षित ठिकाण कोणते, असे मी विचारले. साहेब म्हणाले, "ते मी बघतो."

मी लेखी आदेश मागितला. साहेब हसले व म्हणाले, "कुत्र्यांना कसला लेखी आदेश?" मी उभी राहिले. चार मिनिटांनी त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिले की, खाडी विश्रामगृहातील चार जुन्या चित्रांच्या नकला तयार कराव्यात व नोंद घ्यावी. ती चिठ्ठी मी सोबत आणली आहे.

दि. ६ जानेवारीपासून मी आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या ८.१५ च्या एस.टी.ने विश्रामगृहावर जाऊन काम केले. एकूण बत्तीस दिवस लागले. हजेरीपटावर माझे काम "इमारतीचे मोजमाप" असे दाखवलेले आहे. ते साहेबांनी दाखवले आहे. मी पहिल्या दिवशी इमारतीचे मोजमापही करून टाकले, म्हणजे हजेरीपट खोटा ठरू नये.

कागद साहेबांनी स्वतः जुन्या दप्तरातून काढून दिला. तो ब्रिटिश काळातला कोरा जाड कागद आहे. उजेडासमोर धरला की आत परदेशी कारखान्याचे नाव दिसते. तो फार पांढरा होता म्हणून चहाच्या पाण्याने पुसून जुना केला. चहा लवू गोताड यांनी उकळला. पहिल्या दिवशी सवयीने त्यात साखर पडली. त्या तावाला मुंग्या लागल्या. तो ताव रद्द केला. पुढे बिनसाखरेचा वापरला.

कामाच्या वेळी लवू गोताड झाडणे, पाणी भरणे व दिवे पुसणे ही आपली कामे करून मधूनमधून येऊन उभे राहत. चित्रांबद्दल त्यांना माहिती आहे. एकतीस वर्षे रोज पुसल्यामुळे ती झाली आहे. पाय उचललेल्या कुत्र्याला ते ओव्हरशेर, म्हणजे कामावर देखरेख करणारा ओव्हरसियर, म्हणतात. कारण विचारले असता म्हणाले, "ह्याना नुसता दाखवायचा, बाय. धावायचा दुसऱ्यानी." आणखी म्हणाले, "इतकी वर्सा पाय वर धरून हाय, अजून खाली टेकलान न्हाय. पुडचा हाय म्हणून बरा. मागचा आस्ता तं रोज भिंत पुसायला लागली आस्ती."

हवालदार म्हणाले, "बाई, हे जबाबात नको." मी म्हटले, चौकीदारांना ही चित्रे किती ओळखीची होती हा या प्रकरणातला मुद्दा आहे. म्हणून ठेवावे. ठेवले आहे.

कळपाच्या चित्रात एकोणीस कुत्र्यांचे एकूण त्र्याहत्तर पाय दिसतात. लवू गोताड यांच्या मोजणीने एकाहत्तर होते. आम्ही दोघांनी काडी धरून पुन्हा मोजले. त्र्याहत्तर बरोबर आहेत. त्यांतला एक पाय शेजारच्या कुत्र्याच्या पोटातून निघतो. ही मूळ कोरणाऱ्याची चूक आहे. नकलेत ती तशीच ठेवली आहे. नक्कल करताना दुरुस्ती करायची नसते.

मूळ चित्र व नक्कल यांत एक फरक राहतो. पत्र्यावरून छापताना कागदावर जोराचा दाब येतो. त्यामुळे मूळ चित्राच्या चारही बाजूंना बारीक खाच असते. ती डोळ्यांना पटकन दिसत नाही, पण नखाला लागते. पेनाने काढलेल्या चित्राला ती येत नाही. मी आणण्याचा प्रयत्नही केला नाही. मला तसे सांगितले नव्हते.

प्रत्येक चित्राच्या मी दोन नकला केल्या. एकूण आठ. हवालदारांनी विचारले की एकेक पुरली असती, दोन दोन कशाला. यावर सांगते की, आमच्या ट्रेसिंगच्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे. ती माझ्या आधीपासून आहे. तिच्यावर लिहिले आहे की मूळ नकाशा दप्तरात राहील, एक नक्कल जागेवर जाईल, एक नक्कल बाहेर मागणाऱ्यास मिळेल, मूळ नकाशा कोणत्याही कारणाने कार्यालयाबाहेर जाणार नाही. या उपविभागातून आजवर एकही मूळ नकाशा बाहेर गेलेला नाही. पूल कोसळला तेव्हा चौकशीलाही नक्कलच गेली होती. आदेशात नकलांची संख्या दिलेली नव्हती. संख्या दिलेली नसेल तेव्हा पाटीप्रमाणे करतात.

हवालदार म्हणाले, "आणि तुम्हाला हात दुखेपर्यंत काढायला काही वाटलं नाही?" मी म्हटले, "हात दुखला. लिहायचे असल्यास लिहा."

दोन नकला होणार हे लवू गोताड यांना माहीत होते. सुरुवातीला ते म्हणाले होते, "कुत्र्यांना जुळी झाली म्हणायची." नंतर मूळ धरून मोजल्यावर म्हणाले, "न्हाय, तिळी." साहेबांना माहीत होते काय, असे विचारले असता सांगते की, साहेबांनी मला या काळात दोन वेळा कामाबद्दल विचारले. दोन्ही वेळा "कधी होणार" एवढेच विचारले. किती होणार हे विचारले नाही.

दि. २० मार्च, गुरुवार, रोजी मी व लवू गोताड यांनी चौकटींची मागची फळी काढून मूळ चित्रे बाहेर घेतली. ती व आठ नकला मी मोठ्या नकाशाच्या पाकिटात घालून त्याच दिवशी सायंकाळच्या गाडीने कार्यालयात आणल्या.

दि. २१ मार्च, शुक्रवार, रोजी आठही नकलांच्या मागे कार्यालयाचा "अस्सल बरहुकूम नक्कल" हा रबरी शिक्का मारला. नक्कल कितीही चांगली असली तरी शिक्का व सही नसेल तर आमच्याकडे ती नक्कल धरत नाहीत. मग ती आठ पाने मी सह्यांच्या जाड फाइलमध्ये इतर एकतीस कागदांबरोबर लावली. या फाइलमध्ये कागद एकाखाली एक थोडे सरकवून लावतात. त्यामुळे साहेबांना फक्त सहीची जागा दिसते. ही पद्धत साहेबांनीच सुरू केली आहे. पाने उलटण्यात वेळ जातो असे त्यांचे म्हणणे आहे.

फाइल ५.३१ वाजता केबिनमध्ये ठेवली. त्या वेळी साहेब फोनवर बोलत होते. मी समोर उभी होते. साहेब फोनमध्ये म्हणाले, "हो हो, चारही कुत्री येतील. मंगळवारी. पावती वगैरे काही नको." ५.३५ ला एकोणचाळीस सह्या पूर्ण झाल्या. मी घड्याळ पाहिले होते. सहीखाली तारीख साहेबांच्याच हातची आहे.

दि. २४ मार्च, सोमवार, रोजी मी सकाळी विश्रामगृहावर जाऊन लवू गोताड यांच्या मदतीने चार नकला जुन्या चौकटींत बसवल्या व भिंतीवर लावल्या. उरलेल्या चार नकला दोन प्लायवूडच्या तुकड्यांमध्ये ठेवून सुतळीने बांधल्या. शिमग्याचे दिवस होते. लवू गोताड यांना पालखीसाठी गावात जायचे होते, म्हणून ते घाई करत होते. तरी त्यांनी चारही काचा पुसल्या.

दुपारी ३.४० ला साहेब जीपने आले. त्यांनी भिंतीवरची चित्रे पाहिली व म्हणाले, "वा! कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही." नंतर बांधलेल्या गठ्ठ्याची एक बाजू सैल करून आत पाहिले, नाक जवळ नेले व म्हणाले, "पण बघा मिस तांबे, शेवटी अस्सल ते अस्सल. जुन्याचा वासच वेगळा."

तो वास चहाचा होता.

वासाबद्दल मला काही विचारले नव्हते. मी पोचवही पुढे केली. तिच्यात "चित्रांच्या नकला, नग चार, बाहेर नेण्यासाठी मिळाल्या" असे लिहिले होते. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून सही केली व गठ्ठा घेऊन गेले. ते गेल्यावर लवू गोताड मला म्हणाले, "बाय, सायबान वाचलान न्हाय." मी म्हटले, "मामा, तुमची पालखी चुकेल."

त्यानंतर दि. १६ ते १९ एप्रिल मी लांजा येथे मोरीच्या मोजमापाला होते. २० तारखेला रविवार होता. त्यामुळे मधल्या दिवसांत इकडे काय घडले ते मी पाहिलेले नाही. त्या दिवसांबद्दल पुढे येते ते ऐकीव आहे. आज सकाळी १०.०५ वाजता लवू गोताड यांच्या पत्नी सगुणा या कार्यालयाच्या पायरीवर माझी वाट पाहत होत्या. त्यांनी सांगितले की बुधवारी साहेब भिंग घेऊन विश्रामगृहावर आले, चित्रे चौकटीतून काढून "भिंतीवरच्या कुत्र्यांना नखान खाजवीत बसले" आणि मग खुर्चीत बसून दोन ग्लास पाणी प्यायले. नंतर त्यांनी लवू गोताड यांना, "खरी चित्रं कुठं विकलीस?" असे विचारले. लवू गोताड म्हणाले, "सायब, इकायला ही काय कोंबडी हायत?"

शुक्रवारी साहेबांनी फिर्याद दिली की चौकीदाराने मूळ चित्रे विकून त्यांच्या जागी खोटी लावली. शनिवारी साहेबांनी लवू गोताड यांच्यासमोर एक लिहिलेला कागद ठेवला. चित्रे जुनी म्हणून रद्दीवाल्यास दिली असे त्यात होते. सही केली तर प्रकरण मिटवू, नाही केली तर निवृत्तीवेतन विसर, असे सांगितले. लवू गोताड यांना आपले नाव लिहिता येते. वाचन सावकाश होते. त्यांनी सही केली नाही. सगुणा मला म्हणाल्या, "बाय, तुमच्या सायबान आमच्या ह्यांना कुत्र्यांपायी चोर केलान. गावात त्वांड दाकवायला जागा ऱ्हायली न्हाय. तुमी तिकडं बसून काय काय रेगा मारत व्हतात त्या तुमालाच म्हाईत. आता बोला."

मी अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली व येथे आले. येताना नकाशांची नोंदवही, पोचवही व साहेबांची ३ जानेवारीची चिठ्ठी आणली. नोंदवही व पोचवही या कार्यालयाच्या मालकीच्या असल्याने त्यांची पोच ठाण्याने मला द्यावी.

येथपर्यंत जबाब झाला असता, दुपारी १.२५ वाजता साहेब ठाण्यात आले. ठाण्याचे फौजदारसाहेबही आतल्या खोलीतून बाहेर आले. पुढे घडले ते माझ्या विनंतीवरून याच जबाबात घेतले आहे.

साहेब मला पाहून म्हणाले, "मिस तांबे, तुम्ही लांज्याला होता ना?" मी म्हटले, "काम शनिवारी संपले." साहेब फौजदारसाहेबांना म्हणाले, "ही मुलगी आमच्याकडे रेषा मारते. हिला यातलं काही माहीत नाही."

फौजदारसाहेब म्हणाले, "रेषा मारणाऱ्यालाच विचारू."

विश्रामगृहातून जप्त केलेली चार चित्रे चौकटींसह टेबलावर ठेवलेली होती. मी विनंती केली की एका चौकटीची मागची फळी पंचांसमोर काढावी. पंच म्हणून समोरचे चहावाले आप्पा भातडे व एक टेंपोचालक यांना बोलावले. हवालदारांनी पेचकसाने खिळे उचकटले. मागच्या बाजूवरचा शिक्का त्यांनी मोठ्याने वाचला, "अस्सल बरहुकूम नक्कल. आ. शं. खानविलकर. एकवीस तीन शहाऐंशी."

बाकीच्या तीन चौकटी उघडल्या. तिन्हींवर तेच होते.

फौजदारसाहेबांनी विचारले, "साहेब, सही कोणाची?"

साहेब म्हणाले, "माझ्यासारखी आहे."

फौजदारसाहेब म्हणाले, "फिर्यादीवर आहे तशीच आहे. दोन्ही शेजारी ठेवू का?"

साहेब म्हणाले, "असेल माझी. दिवसाला शंभर सह्या करतो मी. बुधवारी मी पुढून पाहिलं. कागदाची मागची बाजू कोण वाचत बसतं?"

हवालदार म्हणाले, "पुढची तरी वाचता का, साहेब?" हे वाक्य जबाबात घेऊ नये असे हवालदारांनीच मला सांगितले. मी म्हटले की मला सर्व घेण्याची सवय आहे. फौजदारसाहेबांनी ठेवायला सांगितले.

फौजदारसाहेब म्हणाले, "म्हणजे फिर्याद अशी झाली, की तुम्ही नक्कल म्हणून सही केलेली वस्तू नक्कल निघाली."

बाकावरून लवू गोताड यांना खोकला आला. तो बराच वेळ चालला. चहावाले आप्पा भातडे यांनी त्यांना पाणी दिले.

साहेबांचा आवाज चढला. ते म्हणाले, "पण मूळ चित्रं तर गेली ना? भिंतीवर नकला आहेत आणि मुंबईलाही..." येथे ते थांबले.

फौजदारसाहेबांनी विचारले, "मुंबईला काय?"

साहेब म्हणाले, "काही नाही."

मी पोचवही उघडून २४ मार्चची नोंद दाखवली. फौजदारसाहेबांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "बाई, मग मूळ चित्रं आहेत कुठं?"

हा प्रश्न मला आज प्रथमच विचारण्यात आला. त्याचे उत्तर सांगते की, मूळ चित्रे दप्तरात आहेत. दि. २१ मार्च रोजी नकाशांच्या नोंदवहीत अनुक्रमांक २१४ ते २१७ म्हणून त्यांची नोंद केली व त्याच दिवशी दुपारी ४.१० ते ४.२५ या वेळेत ती नकाशांच्या लोखंडी कपाटाच्या चौथ्या कप्प्यात, मध्ये पातळ कागद घालून, सपाट ठेवली. हे कपाट साहेबांच्या केबिनमध्ये त्यांच्या खुर्चीमागे आहे. खुर्चीपासून अंतर एक फूट दहा इंच. खाऱ्या हवेपासून कार्यालयात तेच सर्वांत सुरक्षित ठिकाण आहे.

साहेब खाली बसले. त्यांच्या मागे खुर्ची होती, हे बरे झाले.

फौजदारसाहेबांनी विचारले, "कपाटाची किल्ली?"

मी म्हटले, "एकच आहे. साहेबांच्या जुडग्यात. त्या दिवशी मागून घेतली व परत दिली."

जुडगा टेबलावर साहेबांसमोरच पडला होता. फौजदारसाहेबांनी हात पुढे केला. साहेबांना किल्ली जुडग्यातून काढता येईना, म्हणून त्यांनी सबंध जुडगा दिला. हवालदार व दोन्ही पंच २.१५ ला कार्यालयात गेले व ३.०२ ला चार चित्रे घेऊन आले. फौजदारसाहेबांनी स्वतः प्रत्येक चित्राच्या कडेवरून नख फिरवले. चारही बाजूंना खाच लागली. पंचांनाही लागली. टेंपोचालकाने दोनदा फिरवून पाहिले.

तुम्ही हे साहेबांना आधीच का सांगितले नाही, असे विचारले असता सांगते की, साहेबांनी मला विचारले नाही. त्यांनी चौकीदाराला विचारले. साहेब मूळ चित्रांचे काय करणार होते हे तुम्हाला माहीत होते काय, असे विचारले असता सांगते की, मला जे लेखी मिळाले ते मला माहीत होते. जे फोनवर ऐकले ते वर लिहून दिले आहे. त्याचा अर्थ लावणे माझ्या कामात येत नाही. मुंबईस नेलेल्या चार नकला कार्यालयाच्या मालकीच्या असून त्या परत जमा झालेल्या नाहीत, एवढे नोंदवहीवरून सांगता येते.

यावर साहेबांनी फिर्याद मागे घेण्याची तयारी दाखवली. गैरसमजातून झाले, असे ते म्हणाले. फौजदारसाहेबांनी लवू गोताड यांना बाकावरून बोलावून सांगितले, "जा घरी. झालं."

लवू गोताड गेले नाहीत. ते म्हणाले, "आसा कसा जाऊ? येताना समद्या गावान बगितलान. तीन दीस बसवलात. जाताना हातात काय तरी कागूद द्या. न्हायतं गाव म्हनल, सोडलान म्हणून सुटला."

फौजदारसाहेबांनी हवालदारांना कागद लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर तो लवू गोताड यांच्यापुढे सहीसाठी ठेवला. त्यांनी पेन घेतले नाही. म्हणाले, "आदी बायला वाचू दे."

मी वाचला. त्यात लिहिले होते की, चौकीदाराकडे चौकशी केली असता चोरीस गेलेली चित्रे सापडली, म्हणून त्यास सोडण्यात येत आहे. मी हवालदारांना सांगितले की यात तीन दुरुस्त्या लागतील. चोरी झालेली नव्हती. चौकीदाराकडे चौकशी करून काही मिळाले नाही. आणि चित्रे हरवली नव्हती, म्हणून ती सापडली असे म्हणता येत नाही. हवालदार म्हणाले, "मग काय लिहू, बाई?" मी सांगितले तसे त्यांनी नवीन कागदावर लिहिले: चित्रे दि. २१ मार्चपासून उपअभियंत्यांच्या केबिनमधील कपाटात होती. चौकीदार लवू रावजी गोताड यांचा कोणताही दोष नाही. त्यांना विनाकारण तीन दिवस बसवले. "विनाकारण" या शब्दावर फौजदारसाहेबांनी बोट ठेवले. मग राहू द्या म्हणाले. खाली त्यांची सही झाली. त्यांच्या सांगण्यावरून साहेबांनीही सही केली. या वेळी साहेबांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

लवू गोताड यांनी तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला. मी दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी दारात उभ्या असलेल्या सगुणा यांना ऐकू जावे म्हणून मोठ्याने वाचला. लवू गोताड यांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली व टोपी घातली. ठाण्याची पायरी उतरताना ते सगुणा यांना म्हणाले, "आपन बाजारातनं जाऊ. पुडच्या रस्त्यानं." बाजारातून गेले तर त्यांचा एस.टी.चा थांबा लांब पडतो.

माझे सांगणे एवढेच आहे. हा मजकूर हवालदार श्री. शिगवण यांनी मला मराठीत वाचून ऐकवला, नंतर मी स्वतः पहिल्या ओळीपासून वाचला, तीन ठिकाणच्या दुरुस्त्यांवर बाजूला सह्या केल्या. तो मी सांगितल्याप्रमाणे व घडल्याप्रमाणे आहे. खालील सही वाचून झाल्यानंतर केली आहे.

वेळ दुपारी ४.३८.

(सही)
सुनंदा जानू तांबे

समक्ष
(सही)
बाबू शिगवण, हवालदार